एकेचाळीस फुगे

हेमचंद्रकाका फुगे मोजतात. पट्टी लावून, आधी लांबी, मग रुंदी, आणि शेवटी फुग्याची शेपटी कोणाच्या तोंडाकडे वळली आहे ते. कॉमिक्समधली माणसं बोलतात ते ज्या पांढऱ्या गोलात लिहिलेलं असतं, त्याला ते फुगा म्हणतात. सिंगापुरात, पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमधलं अर्धं जेवणाचं टेबल या कामात कायमचं गेलं आहे. उरलेल्या अर्ध्यावर ते आणि मेधाकाकू जेवतात.

माझी त्यांची ओळख झाली ती ऱ्हस्व-दीर्घामुळे. मी सेंगकांगला राहते आणि शनिवारी सकाळी कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत मुलांचा मराठी वर्ग घेते. एकदा वर्ग सुटेपर्यंत एक साठीचे गृहस्थ दाराशी उभे राहिले. मला वाटलं, कुणाचे तरी आजोबा असतील.

"तुम्हाला शुद्धलेखन येतं असं ऐकलं," ते म्हणाले.

"येतं."

"मला येत नाही. मला पोर्तुगीज येतं."

त्यांनी पिशवीतून एक जाडसर चित्रांचं पुस्तक काढलं आणि मुलांच्या बाकावर ठेवलं. पोर्तुगालमधल्या एका नव्या चित्रकर्तीचं ते कॉमिक होतं. त्याचं नाव मराठीत 'दुपारचं जेवण' असं होईल, असं ते म्हणाले. ते त्याचं भाषांतर करत होते आणि त्यांना मुद्रितं तपासायला कुणीतरी हवं होतं. मानधन म्हणून मेधाकाकूंच्या हातची आमटी मिळेल, ही माहिती त्यांनी मेधाकाकूंना न विचारता दिली.

काका मूळचे चिंचवडचे. संगणकातली पदवी घेऊन सत्तावीस वर्षांपूर्वी सिंगापूरला आले, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत बँकांची सॉफ्टवेअर सांभाळू लागले. त्याच कामासाठी कंपनीने त्यांना आठ महिने लिस्बनला पाठवलं होतं. भाषा शिकायची म्हणून त्यांनी तिथे कॉमिक्स विकत घ्यायला सुरुवात केली, कारण वाक्यं छोटी असतात आणि अर्थ अडला तर चित्र मदतीला येतं. पंचावन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी अकरा वाजता त्यांना मीटिंगला बोलावलं आणि साडेअकराला गळ्यातलं कार्ड परत घेतलं. पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी असल्यामुळे देश सोडावा लागला नाही. मेधाकाकूंची अकाउंटंटची नोकरी होती, त्यामुळे घरही चालू राहिलं. पण काकांना पुन्हा काम मिळालं नाही.

"दोन वर्षं मी सोफा झालो होतो," ते हसत सांगतात. "लोक येऊन बसायचे फक्त."

मग एकदा घराच्या शेल्टरमध्ये, म्हणजे आम्ही सगळे ज्या लोखंडी दाराच्या खोलीत बॅगा आणि जुने पंखे कोंबतो तिथे, त्यांना लिस्बनची बॅग सापडली. तिच्यात एकोणीस कॉमिक्स होती. लिस्बनला असताना त्यांनी ती वाचली होती, पण भाषा शिकायला म्हणून. आता पहिल्यांदाच त्यांनी ती वाचायला म्हणून वाचली.

मी ती पुस्तकं पहिल्यांदा पाहिली ती संशयाने. माझी मुलगी अदिती तेरा वर्षांची आहे आणि काकांनी पुस्तकं उघडली की ती माझ्या खांद्यावरून डोकावते. कॉमिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उडणारी, मुठी वळलेली माणसं येत होती. इथे कुणीच उडत नव्हतं. एका पुस्तकात पहाटे कचेऱ्या पुसणारी बाई बसमध्ये झोपते आणि तिचा थांबा मागे जातो. चार पानं नुसती तिची झोप. दुसऱ्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या म्हणून एका म्हाताऱ्या जोडप्याला घराबाहेर काढतात, आणि शेवटच्या पानावर भिंतीवर तसबिरींच्या जागचे फिकट चौकोन तेवढे दिसतात. तिसऱ्यात बाप मारतो. मारहाण एकाही चौकटीत नाही. आई खुर्च्या उचलून पुन्हा जागेवर लावते, एवढंच काढलेलं आहे, आणि ते दर आठ-दहा पानांनी येतं. सातव्यांदा ती खुर्च्या लावू लागली तेव्हा मी पुस्तक मिटलं.

"काका, हे मुलांनी वाचायचं?"

"हॉकर सेंटरला जेवून झाल्यावर ऐंशी वर्षांची कामवाली आजी आपल्या उष्ट्या ताटल्या उचलून नेते, तेव्हा अदिती कुठे बघते?"

"फोनमध्ये."

"आणि तू?"

मी आमटी ढवळत राहिले.

अदितीने मात्र माझ्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. पोर्तुगीज येत नसताना तिने खुर्च्यांचं पुस्तक नुसत्या चित्रांवरून पुरं केलं होतं. "मम्मा, सॅड आहे फक्त. स्केअरी नाही लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मी पुढचे तीन दिवस तिच्या झोपेकडे, भुकेकडे आणि तोंडाकडे पाहत काढले. तिला काही झालं नाही. झालं इतकंच की हॉकर सेंटरला ती आपला ट्रे स्वतः उचलून ठेवू लागली. त्याचा आणि पुस्तकाचा संबंध होता की शाळेने सांगितलं होतं, हे मी विचारलं नाही.

त्या कॉमिक्सचं मला कौतुक वाटू लागलं ते त्यांच्या संयमाचं. ती दुःखाला ओरडू देत नाहीत. नोकरी, भाडं, आजारपण, परदेशी गेलेली आई, हे सगळं स्वयंपाकघरात, जिन्यात, बस थांब्यावर घडत राहतं आणि चित्रकार शेजाऱ्यासारखा अर्ध्या उघड्या दारातून ते बघतो. आणि हे मराठीत आणायचं म्हणून काका जे करत होते त्याचंही कौतुक वाटू लागलं. ते छापील अक्षरं वापरत नाहीत. प्रत्येक फुगा ट्रेसिंग कागदावर हाताने लिहितात. "कॉमिक्समध्ये अक्षराचा आकार म्हणजे आवाज," त्यांनी मला समजावलं. "मोठं अक्षर म्हणजे माणूस ओरडतोय, बारीक म्हणजे पुटपुटतोय. मजकूर मावत नाही म्हणून अक्षर बारीक केलं तर धडधाकट माणूस पुटपुटायला लागेल." म्हणून मावत नसलं की ते अक्षर कमी करत नाहीत, वाक्य बदलतात. एका 'हो' साठी त्यांनी अख्खा रविवार घालवलेला मी पाहिला आहे.

'दुपारचं जेवण'ची गोष्ट साधी आहे. एका नदीकाठच्या गावात फरशांचा कारखाना बंद पडतो. बापाची नोकरी जाते, आई म्हाताऱ्यांची देखभाल करायला स्वित्झर्लंडला जाते, आणि घरात बाप आणि बारा वर्षांची मुलगी उरतात. मुलगी रोज आईशी फोनवर बोलते. बाप बोलत नाही. पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने बरेच आढेवेढे घेऊन हे पुस्तक दिवाळीला काढायचं कबूल केलं होतं. दहा सप्टेंबरपर्यंत सगळी पानं पोचली तरच. काकांसाठी ते पुस्तक काय होतं हे वेगळं सांगायला नको. सोफ्यावरून उठल्यानंतर त्यांनी हातात घेतलेलं ते पहिलं काम होतं, आणि त्यात त्यांची तीन वर्षं गेली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी शेवटची मुद्रितं घेऊन बसले. सदतिसाव्या पानावर मुलगी बापासमोर बशी ठेवते आणि तिच्या फुग्यात आहे, "बाबा जेवले का?"

"काका, ही कुणाला विचारतेय?"

"आईला. फोनवर."

"फोन कुठे आहे?"

त्यांनी पान जवळ घेतलं. तेरा वर्षांची मुलगी घरात असलेल्या बाईचं लक्ष चित्रात सगळ्यात आधी फोनकडे जातं. चौकटीच्या मागच्या बाजूला, फडताळावर, वायर लावून तो चार्ज होत पडला होता. मुलीचे दोन्ही हात बशीला होते.

"मनाशी बोलत असेल," काका म्हणाले.

"बाबांकडे बघून?"

"नीलिमा, तू शुद्धलेखन बघ. अर्थ मी बघतो."

ते मला पहिल्यांदाच असं बोलले होते. मी मागची पानं उलटली. बारावं, एकोणिसावं, चोविसावं. "बाबा झोपले नाहीत?" "बाबांना थंडी वाजते का?" दर वेळी ती त्याच्याकडे बघत होती आणि दर वेळी मराठीत ती त्याच्याबद्दल दुसऱ्याच कुणाला तरी विचारत होती.

"मूळ शब्द काय आहे?" मी विचारलं.

"'ओ पाय.' पोर्तुगीजमध्ये पाय म्हणजे वडील. 'वडिलांचं जेवण झालं का', शब्दशः हेच आहे. मी काही पदरचं घातलेलं नाही."

"म्हणून सारखे वडिलांचे पाय धरायचे वाटतं," मेधाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. कुणीच हसलं नाही, म्हणून त्या बाहेर आल्या.

काका खिडकीकडे बघत बोलू लागले. "लोक असंच करतात गं. माझी नोकरी गेली त्या वर्षी गणपतीच्या आरतीला गेलो होतो. मी हिच्या शेजारी बसलोय, प्रसादाचा द्रोण हातात आहे, आणि लोक हिला विचारतायत, 'कसे आहेत हेमचंद्र? जेवतात ना नीट?' माझ्यादेखत. मला माहीत आहे हे कसं असतं. त्या पोरीने तेच केलंय. म्हणून तर मला हे पुस्तक करावंसं वाटलं."

एवढ्या ठामपणापुढे फडताळावरचा फोन फारच लहान दिसत होता. पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लिस्बनच्या जुन्या सहकाऱ्याला पान पाठवून विचारलंच. उत्तर मला त्यांनी रविवारी, पासिर रिसच्या बस इंटरचेंजवर, मी उतरते न उतरते तोच ऐकवलं. फोनवरच्या निरोपात तो सहकारी आधी पोटभर हसला आणि मग सावकाश इंग्रजीत बोलला. त्यांच्याकडे मुलं वडिलांना समोरासमोर असंच म्हणतात. 'तू' म्हणणं फार सलगीचं वाटतं आणि नुसतं 'तुम्ही' परकं वाटतं, म्हणून वडिलांशीच बोलताना 'वडिलांचं जेवण झालं का'. म्हणजे 'तुमचं जेवण झालं का'. एवढंच.

काका फोन हातात धरून उभे होते. "लिस्बनला आमच्या कॅन्टीनमध्ये एक बाई होत्या," ते म्हणाले. "रोज विचारायच्या, 'इंजिनियरसाहेबांनी सूप घेतलं का?' मला वाटायचं, शेजारच्याला विचारतायत. मी बाजूला बघायचो. आठ महिने, नीलिमा. त्या बाईंना मी एकदाही उत्तर दिलं नाही."

मला हसू आलं आणि आवरलंही. त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात हसू नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मोजले तर असे फुगे एकेचाळीस निघाले. पण प्रश्न नुसता एकेचाळिसाचा नव्हता. आधीच्या मराठीत घरातलं कुणीच बापाशी बोलत नव्हतं आणि तो बिचारा एकटा पडला होता. आता वाचलं तर मुलगी पहिल्या पानापासून त्याच्याशीच बोलत होती. जेवण, झोप, थंडी, सगळं त्यालाच विचारत होती. उत्तर देत नव्हता तो.

"तेव्हा मीही विचारत होते," मेधाकाकू म्हणाल्या. त्या मटार सोलत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. "दोन वर्षं. जेवायला वाढू का, फिरायला जायचं का. तुम्ही टीव्हीकडे बघत होतात. गणपतीत लोकांनी मला विचारलं ते तुम्हाला आठवतं. त्यांनी आधी तुम्हालाच विचारलं होतं."

"मला?"

"अहो, दोनदा. मग नाइलाजाने माझ्याकडे वळले."

काका उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. मग त्यांनी मटारची एक शेंग उचलून सोलली आणि दाणे काकूंच्या भांड्यात टाकले. मला वाटलं आपण निघावं, पण काकूंनी माझ्यापुढेही चार शेंगा सरकवल्या.

सोमवारी त्यांनी प्रकाशकांना फोन लावला. स्पीकरवर, कारण हात शाईने भरले होते. मी वर्गाची पुस्तकं न्यायला आले होते. प्रकाशक सगळं ऐकून म्हणाले, "काका, वाचकाला काय कळतंय? तसंही छान लागतंय. करुण वाटतं. जाऊ द्या."

"करुण वाटतं ते माझ्यामुळे वाटतं. मूळ चित्रकर्तीने तसं लिहिलेलं नाही."

"दहा तारखेपर्यंत होईल?"

"नाही. एकेचाळीस फुगे बदलले की बापाची उत्तरंही पुन्हा बघावी लागतील. महिना लागेल."

"मग दिवाळी गेली. आणि पुढचं मी आज सांगू शकत नाही. दिवाळीनंतर अशी पुस्तकं काढायची की नाही हेच आमचं ठरायचंय. विचार करा."

फोन ठेवून काका शाईचे हात पुसू लागले. त्यांना भीती कशाची वाटत होती ते मला दिसत होतं. पुन्हा कुणीतरी म्हणेल, तुमची आता गरज नाही. आणि या वेळी ते म्हणायला कारण त्यांनी स्वतःच हातात दिलेलं असेल. माझ्या पिढीतल्या किती जणांनी असा फोन केला असता, मला माहीत नाही. मी केला असता का, याचं उत्तर मला द्यायचं नाही.

"मी तर म्हणते जाऊ द्यावं," मीच शेवटी म्हणाले. मला त्यांचं पुस्तक निघायला हवं होतं.

"ती पोर चाळीस पानं बापाला हाका मारतेय," ते म्हणाले, "आणि मी वाचणाऱ्याला सांगू, की ती दुसऱ्या कुणाशी बोलतेय?" त्यांनी पट्टी ओढून घेतली.

मग प्रश्न आला 'तू' की 'तुम्ही'चा. पोर्तुगीज मुलीने हा प्रश्न टाळला होता, मराठी मुलीला टाळता येत नाही. मेधाकाकूंचं मत 'तुम्ही'. "गावातली साधी माणसं आहेत, बापाला अरे-तुरे करतील?" मी म्हटलं, आमची अदिती तिच्या बाबांना 'तू' म्हणते आणि मी माझ्या वडिलांना 'तुम्ही' म्हणत होते. दोन्हींत प्रेम कमी नव्हतं. आपल्याकडेही बाळाला 'आमच्या बाळाचं जेवण झालं का' असं त्याच्याच तोंडावर म्हणतात, याची मी आठवण करून दिली. ते ऐकून काका क्षणभर खूश झाले. पण बापाला तसं म्हटलं असतं तर तो बाळ झाला असता, आणि नेमकं तेच नको होतं.

त्यांनी दोन्ही लिहून पाहिलं. "बाबा, तुम्ही जेवलात का?" सदतिसाव्या पानावरच्या फुग्यात बसेना. अक्षर बारीक करावं लागत होतं आणि ती मुलगी पुटपुटायला लागत होती. "बाबा, तू जेवलास?" बसलं, आणि चारी बाजूंना थोडी मोकळी जागाही राहिली.

"ती पुटपुटत नाही," काका म्हणाले. "ती पूर्ण आवाजात विचारते." ठरलं.

दीड महिना ते रोज लिहीत होते. मी शनिवार-रविवार जात होते. कधी अदितीही यायची आणि आमटीवर ताव मारून जायची. काका चिडायचे, खोडायचे, माझ्या दुरुस्त्यांवर वाद घालायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या मुकाट्याने करायचे. बापाची उत्तरं बदलावी लागतील असं त्यांना वाटलं होतं, पण बदलावं लागलं फारच थोडं. त्याचे बरेचसे फुगे मुळातच रिकामे होते. नुसता पांढरा गोल आणि शेपटी. पूर्वी काकांना ते छपाईचे दोष वाटले होते आणि दोन ठिकाणी त्यांनी त्यात "हं" भरलंही होतं. ते दोन्ही "हं" त्यांनी पुसून टाकले.

ऑक्टोबरच्या मध्यावर पानं पुण्याला गेली. सोबत त्यांनी अनुवादकाची टीप जोडली होती. आधी आपण हे सगळं कसं चुकीचं वाचलं होतं आणि का, ते साध्या आठ ओळींत. तपासायला दिली तेव्हा त्यात एकच दोष होता. 'चूक' हा शब्द त्यांनी ऱ्हस्व लिहिला होता. मी दीर्घ केला.

"ही टीप कशाला?" मेधाकाकूंनी विचारलं. "आपणहून कोण सांगतं?"

"मी."

तीन आठवडे काही उत्तर आलं नाही. दिवाळी झाली. काका रोज सकाळी फोन बघायचे आणि तो उलटा करून ठेवायचे. मी विचारणं सोडून दिलं होतं. परवा रविवारी आम्ही तिघं जेवायला बसणार एवढ्यात प्रकाशकांचा मेसेज आला. काकांनी तो वाचला, चष्मा काढला, परत लावला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"नीट वाच. मला बरोबर दिसतंय का?"

लिहिलं होतं, 'सगळं पुन्हा वाचलं. गुढीपाडव्याला काढू. तुमची टीप शेवटी नको, पहिल्या पानावर घालू.'

"बरोबर दिसतंय," मी म्हटलं.

"पहिल्या पानावर?"

"पहिल्या पानावर."

"मग ती फारच कच्ची आहे," काका म्हणाले आणि ताटं मांडण्याआधीच टेबलावर कोरा कागद पसरून बसले.